तिसऱ्या तारेचा इतिहास

सरकारी निवासस्थान कोणत्याही प्रांतातले असो, त्याच्या दाराआड किंवा जिन्याखाली विजेचा एक फळा हमखास असतो. त्यावर मीटर, मेन स्विच, चिनी मातीचे फ्यूज किंवा त्यांच्या जागी आलेले खटके, आणि तेथून निघून भिंतीत नाहीशा होणाऱ्या तारा. बदल्यांच्या फेऱ्यात आपली गावे पालटतात, शेजाऱ्यांची भाषा पालटते, पाण्याची चवही पालटते. हा फळा मात्र जेथे जावे तेथे त्याच रूपात भेटतो. वीज गेल्यावाचून आपण त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. वस्तुतः तो इतिहासाचा एक कागदच आहे. त्यावरील प्रत्येक वस्तू कोणत्या ना कोणत्या भीतीपोटी जन्माला आली. आणि त्या कोणत्या क्रमाने आल्या हे पाहू गेल्यास एक विचार करण्याजोगी गोष्ट ध्यानात येते. विजेच्या व्यवहारात प्रथम घराची राखण झाली. घरात राहणाऱ्या माणसाच्या राखणीची पाळी फार मागाहून आली. या दोहोंमधील अंतर थोडेथोडके नव्हे, सुमारे पाऊण शतकाचे आहे.

प्रथम मापांच्या नावांचा उलगडा करून घेऊ, कारण पुढील विवेचनात त्यांची गरज पडणार आहे. १८८१ साली पॅरिस येथे विद्युत्शास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तीत व्होल्ट, अँपिअर व ओहम ही नावे मुक्रर झाली. व्होल्टा इटलीचा, अँपिअर फ्रान्सचा आणि ओहम जर्मनीचा; म्हणजे मापांच्या वाटणीतही राष्ट्राराष्ट्रांचा मान राखला गेला, असे म्हणावयास हरकत नाही. दुसऱ्याच वर्षी विल्यम सीमेन्स याने वॅट हे नाव सुचविले. उंचावरील टाकीतून नळाला येणाऱ्या पाण्याचा दाब तो व्होल्ट, नळातून वाहणारे पाणी तो अँपिअर आणि नळाच्या अरुंदपणाचा अडथळा तो ओहम, एवढी उपमा आपल्यापुरती पुरेशी आहे. दाबाला अडथळ्याने भागले की प्रवाह मिळतो. आपल्या घरात येणारा दाब २३० व्होल्टचा असतो.

विजेच्या बिलावर 'युनिट' म्हणून जो शब्द छापलेला असतो, त्याचे कूळ मात्र शास्त्रज्ञांचे नसून आपल्यासारख्या कचेरीवाल्यांचे आहे. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे जेवढी वीज खर्च होते, तेवढ्या विजेला इंग्लंडमध्ये 'बोर्ड ऑफ ट्रेड युनिट' म्हणत. बोर्ड ऑफ ट्रेड हे लंडनमधील व्यापारविषयक सरकारी खाते. कालांतराने खात्याचे नाव गळाले आणि नुसते 'युनिट' उरले. ते खाते आपल्यापैकी कोणी पाहिले नसेल. त्याचा शिक्का मात्र आपण दर महिन्याला पैसे मोजून सोडवितो.

आता घराच्या राखणीकडे वळू. ४ सप्टेंबर १८८२ रोजी एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील वीजघर चालू केले. आरंभी त्याच्यावर सुमारे चारशे दिवे होते. त्या सुमाराचा एक किस्सा एडिसनच्या चरित्रात नोंदलेला आहे. व्हँडरबिल्ट नावाच्या धनाढ्याच्या वाड्यात दिवे बसविण्यात आले. भिंतीवरील किनखापी कागदात धातूचे बारीक तंतू विणलेले होते. तारांचा त्या तंतूंना स्पर्श झाला व कागद धुमसू लागला. गृहस्वामिनीची घाबरगुंडी उडाली, आणि वीज उत्पन्न करणारे यंत्र आपल्याच तळघरात आहे हे कळल्यावर तिने ते सारे बिऱ्हाड घराबाहेर काढावयास लावले. विजेची पहिली ख्याती प्रकाशाइतकीच आगीचीही होती.

साहजिकच पहिले नियम आग विझविण्याची ज्यांना किंमत द्यावी लागे त्यांनी केले. १८८२ मध्येच लंडनच्या फीनिक्स या विमा कंपनीने वीज घेणाऱ्या घरांसाठी नियम प्रसिद्ध केले. त्याच वर्षी तारायंत्र-अभियंत्यांच्या संस्थेनेही आपली नियमावली छापली. तिचे शीर्षक 'विजेच्या दिव्यांपासून उद्भवणाऱ्या आगीच्या धोक्याच्या प्रतिबंधासाठी नियम' अशा अर्थाचे होते. माणसाच्या जिवाला असलेल्या धोक्याचा उल्लेख त्या नियमावलीत होता. तथापि शीर्षकात स्थान मिळाले ते आगीला. सरकारी कागदांशी ज्यांचा नित्य संबंध येतो त्यांना हे सांगावयास नको, की प्रकरणाचे शीर्षक काय आहे यावरून त्याची वाट पुष्कळदा ठरून जाते.

या आगीच्या भीतीतून पहिली महत्त्वाची वस्तू रूढ झाली, ती फ्यूज. तिची कल्पना त्याहून जुनी आहे. १८४७ च्या सुमारास ब्रेगे या फ्रेंच तंत्रज्ञाने तारायंत्राच्या ठाण्यांचे आकाशातील विजेपासून रक्षण व्हावे म्हणून तारेचा एक तुकडा मुद्दाम बारीक ठेवावा, असे सुचविले होते. एडिसनने तीच युक्ती घरच्या दिव्यांना लावली. वाजवीपेक्षा अधिक प्रवाह वाहू लागला की तार तापते. भिंतीत दडलेली तार तापून घर पेटण्याऐवजी, डोळ्यांसमोर ठेवलेला कथलाचा वा शिशाचा बारीक तुकडा आधी वितळावा आणि मार्ग तुटावा, ही त्यातील योजना. फ्यूज हा शब्द वितळणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला. मराठी परिभाषेत त्याला 'वितळतार' म्हणतात. नेमका शब्द आहे. बोलण्यात मात्र आपला फ्यूज 'उडतो'. तो वितळतो हे विसरले गेल्यामुळेच की काय, वितळतारेच्या जागी तांब्याची हाताला येईल ती जाड तार गुंडाळण्याची चाल घरोघर पडली. ती तार वितळत नाही, ही तिची सोय वाटते. वितळत नाही हाच तिचा दोष आहे. तिच्याऐवजी मग भिंतीतली तार तापते.

बटणाचीही कथा आगीशीच जोडलेली आहे. प्रारंभीचे खटके सावकाश उघडत. दोन टोके विलग होताना त्यांच्यामध्ये ठिणगीची कमान धरून राही आणि खटका जळून जाई. १८८४ मध्ये न्यूकॅसल येथील जॉन हेन्री होम्स याने स्प्रिंगच्या जोरावर झटकन तुटणारा खटका काढला. बटण दाबताना आजही जो 'टक्' असा आवाज होतो, त्यामागे बोटाच्या गतीवर अवलंबून न राहण्याची हीच युक्ती आहे. तारांवरील आवरणही असेच सुधारत गेले. प्रथम सूत गुंडाळलेल्या तारा, मग गंधक घालून पक्के केलेले रबर, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पी. व्ही. सी. रबरातील गंधक तांब्याला खात असे, म्हणून जुन्या तारांतील तांब्यावर कल्हई केलेली असे. आपल्याकडे या तारा प्रथम लाकडी पन्हळीत, नंतर सागवानी पट्टीवर खिळवून आणि शेवटी भिंतीतल्या नळीत नेण्यात आल्या. छताला दिव्याची दोरी जेथे टांगतात त्या गोल वाटीला वायरमन 'सीलिंग रोज' म्हणतो. हा गुलाब मूळचा इंग्रजी दिवाणखान्यांतील चुनेगच्चीचा; झुंबर टांगण्याच्या जागेभोवती ती नक्षी करीत. नक्षी गेली, नाव राहिले.

हिंदुस्थानात ही सामग्री आली ती अशी तयार होऊन आली. १८९७ च्या नोव्हेंबरात दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथे पाण्यावर वीज निर्माण होऊ लागली. १८९९ च्या एप्रिलात कलकत्त्यात वीजघर चालू झाले. १९०२ मध्ये कावेरीवरील शिवसमुद्रम येथून सुमारे ९२ मैल तारा ओढून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज देण्यात आली, आणि १९०५ मध्ये तीच वीज बंगलोरच्या रस्त्यांवर उजळली. मुंबईत वीज आणि ट्राम यांची एकत्र कंपनी १९०५ साली स्थापन झाली व ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली. यांपैकी कलकत्त्याची वीज एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डी. सी. होती; शिवसमुद्रमची दिशा पालटणारी, म्हणजे ए. सी. होती. दूर अंतरावर न्यावयाची तर ए. सी. सोयीची, कारण तिचा दाब ट्रान्सफॉर्मरने चढविता-उतरविता येतो. म्हणून अखेर तिचीच सरशी झाली, तरी डी. सी. ने जागा सोडावयास फार दिवस लावले. खुद्द न्यूयॉर्कमध्ये एडिसनच्या परंपरेतील शेवटचा डी. सी. पुरवठा बंद झाला तो २००७ च्या नोव्हेंबरात.

ए. सी. बरोबर दोन नवे शब्द घरात आले : फेज आणि न्यूट्रल. फेज या शब्दाचे मूळ ग्रीक असून, दिसणे असा त्याचा अर्थ. चंद्राच्या कलांना इंग्रजीत हाच शब्द लावतात. वीजघरातून तीन तारांवरून तीन प्रवाह निघतात. ते एकाच वेळी भरास येत नाहीत. चंद्रकलांप्रमाणे त्यांचे चढणे-उतरणे मागेपुढे असते. त्यांपैकी एक कला आपल्या घरी येते, ती फेज. परतीची तार ती न्यूट्रल. ट्रान्सफॉर्मरपाशी ती जमिनीला जोडलेली असते. त्यामुळे व्यवस्थित घरात न्यूट्रलला जमिनीच्या मानाने जवळजवळ दाब नसतो आणि फेजला पुरा २३० व्होल्टचा असतो.

या भेदामुळे एक जुनी चाल घातक ठरली. पूर्वी दोन्ही तारांत फ्यूज घालीत, आणि ते अधिक सुरक्षित मानीत. पण न्यूट्रलमधला फ्यूज वितळला तर काय होते ते पाहा. दिवा विझतो, पंखा थांबतो, आणि घरातील माणूस समजतो की वीज गेली. फेज मात्र पंख्यापर्यंत, दिव्याच्या होल्डरपर्यंत जिवंतच असते. हाच प्रकार बटण चुकून न्यूट्रलमध्ये घातल्याने होतो. आगीच्या दृष्टीने यात कमतरता काहीच नाही. हात लावणाऱ्याच्या दृष्टीने हा सापळा आहे. भारतात १९५६ च्या वीज नियमांनी न्यूट्रलमध्ये फ्यूज अथवा सुटे बटण घालण्यास मनाई केली. घालावयाचेच तर दोन्ही तारा एकदम तोडणारे बटण हवे. माणूस नियमांत कसा शिरू लागला, याची ही एक खूण होय.

येथे एक साधा हिशेब मांडणे अवश्य आहे. साठ वॅटचा जुना दिवा सुमारे पाव अँपिअर प्रवाह घेतो. माणसाच्या छातीतून त्याच्या निम्म्याहून कमी प्रवाह क्षणभर वाहिला तरी हृदयाची लय बिघडून प्राण जाऊ शकतो. आणि फ्यूज असतो पाच वा पंधरा अँपिअरचा. म्हणजे फेजला चिकटलेला माणूस फ्यूजच्या लेखी एका मंद दिव्याहून मोठा नाही. फ्यूज तसाच शाबूत राहील आणि माणूस जाईल. फ्यूज माणसाला वाचवितो हा समज सुशिक्षितांतही आढळतो. तो ज्या कामासाठी जन्मला ते काम त्याहून निराळे आहे, हे त्याच्या इतिहासावरून स्पष्ट होते. हेच काम १९२४ पासून स्टॉट्झ या जर्मन उद्योजकाच्या कारखान्यातून निघालेला आपोआप पडणारा खटका करू लागला. त्यालाच आपण एम. सी. बी. म्हणतो. तो फ्यूजहून तत्पर आहे व पुन्हा उचलता येतो. पण राखण तो तारेचीच करतो.

माणसाच्या वाट्याची पहिली वस्तू ती तिसरी तार, म्हणजे अर्थ. इस्त्री, शेगडी, पाणी तापविण्याचा बंब यांचे अंग धातूचे. आतील फेज सुटून त्या अंगाला लागली तर अंगच जिवंत होते. ते अंग जाड तारेने जमिनीला जोडलेले असले म्हणजे प्रवाह माणसाची वाट न पाहता त्या तारेने धावतो. इतका धावतो की फ्यूज वितळावाच लागतो. घराचा रखवालदार अशा रीतीने माणसाच्या चाकरीला जुंपला गेला. इंग्लंडमध्ये तीन खिळ्यांच्या गोल प्लगचे मानक १९३४ साली ठरले. त्यातील वरचा खिळा जाड व लांब असतो. तो सर्वांआधी आत शिरतो आणि सर्वांमागून बाहेर येतो. पाहुण्याला घरात घेण्यापूर्वी दिवा लावावा आणि तो गेल्यावर मालवावा, तसा हा क्रम आहे. इंग्लंडने युद्धोत्तर तांब्याच्या टंचाईत १९४७ साली चौकोनी खिळ्यांचा, पोटात फ्यूज असलेला नवा प्लग स्वीकारला आणि गोल प्लग हळूहळू सोडून दिला. आपण तो सोडला नाही. पाच व पंधरा अँपिअरचे ते प्लग पुढे सहा व सोळा अँपिअरचे म्हणविले जाऊ लागले, एवढाच फरक.

प्लग आला, भिंतीत तिसरे भोकही आले. परंतु त्या भोकामागे तार आहे की नाही, आणि तार असल्यास ती जमिनीला धड भिडली आहे की नाही, हा प्रश्न उरतोच. अंगणात खड्डा खणून त्यात लोखंडी नळी वा पत्रा पुरतात, भोवती कोळसा व मीठ घालतात, आणि उन्हाळ्यात वरच्या चाडीतून पाणी ओततात. ही प्रथा कोणी अंधश्रद्धा समजू नये. कोरडी जमीन विजेला फार अडथळा करते. समजा, तो अडथळा पन्नास ओहम झाला. २३० ला पन्नासने भागले की साडेचार अँपिअरच्या आसपास प्रवाह येतो. पंधरा अँपिअरच्या फ्यूजला त्याची जाणीवही होणार नाही, आणि बंबाचे अंग जिवंतच राहील. वायरमन पुष्कळदा फेज आणि अर्थ यांच्यामध्ये दिवा धरून दाखवितो व म्हणतो, "पाहा साहेब, अर्थ उत्तम आहे." दिव्याला पाव अँपिअर पुरतो; पन्नास ओहममधूनही तो जवळपास पूर्ण तेजाने जळेल. दिवा लागला, याचा अर्थ तार आहे एवढाच. ती संकटात पुरी पडेल की नाही, हे मोजण्याच्या यंत्रावाचून कळत नाही.

या उणिवेवर उपाय निघाला तो दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींच्या निमित्ताने. १९५५ च्या सुमारास हेन्री रुबिन या अभियंत्याने असे यंत्र सिद्ध केले की, जे जाणारा आणि परतणारा प्रवाह एकमेकांशी ताडून पाहते. जमाखर्चाची वही ठेवणाऱ्याला हे तत्त्व निराळे समजावून द्यावे लागणार नाही. गेले तेवढे परत आले तर ठीक. थोडेही कमी आले, तर ते कोठे तरी, कदाचित कोणाच्या अंगातून, जमिनीत झिरपले असले पाहिजे. घरगुती यंत्रात ही तफावत तीस मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरच्या शंभर भागांतील तीन भाग झाली की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच मार्ग तुटतो. बोलण्यात त्याला ई. एल. सी. बी. म्हणतात, आधुनिक प्रकाराला आर. सी. सी. बी. त्यावर 'टी' असे अक्षर असलेले छोटे बटण असते. ते अधूनमधून दाबून यंत्र पडते की नाही ते पाहावे, यासाठीच ते ठेवलेले आहे. माणसाच्या अंगातून जाणारा प्रवाह ओळखणारी घरातील ही पहिली वस्तू. १८८२ च्या नियमावलीपासून तिच्यापर्यंत येण्यास पाऊण शतक लागले, असे आरंभी म्हटले ते यावरून.

आणि हे अंतर आपल्या भिंतींत अद्याप भरून निघालेले नाही. १९५६ च्या नियमांची जागा २०१० च्या विनियमांनी घेतली, त्यांची २०२३ च्या विनियमांनी. कागदावर माणूस आता मध्यभागी आहे. तथापि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडील वर्षांच्या अहवालांत विजेच्या धक्क्याने मरण पावलेल्यांची संख्या देशभरात वर्षाला दहा हजारांहून अधिक नोंदलेली आढळते. त्यांत शेतावरचे आहेत, खांबावरचे आहेत, आणि स्वतःच्या घरात बंबाला वा कुलरला हात लावणारेही आहेत.

आपल्यासारख्या बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणाऱ्यांच्या बाबतीत तर हा धोका एका विशिष्ट जागी दडलेला असतो. स्वतःचे घर बांधणारा मनुष्य तारा कशा नेल्या हे पाहतो. आपण दुसऱ्याने बांधलेल्या आणि तिसऱ्याने वापरलेल्या घरात शिरतो. आपल्यापूर्वीच्या रहिवाशाने फ्यूजमध्ये काय गुंडाळले, दोन खिळ्यांचा जोड लावून तिसरा खिळा कोठे वाऱ्यावर सोडला, याची नोंद कोणी ठेवीत नाही. रंगांवरही विसंबून चालत नाही. नव्या उपकरणांच्या दोरीत तपकिरी ती फेज, निळी ती न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी ती अर्थ. जुन्या घरांच्या भिंतीत फेज तांबडी, पिवळी वा निळी आणि न्यूट्रल काळी. दोरीतली निरुपद्रवी निळी भिंतीत जिवंत असू शकते.

निवासस्थानाचा ताबा घेताना आपण एका यादीवर सही करतो. आजवर माझ्या हाताखालून गेलेल्या अशा याद्यांत पंखे किती, नळ किती, खिडक्यांच्या काचा शाबूत किती, हे सारे बिनचूक लिहिलेले असते. म्हणजे घराची राखण आजही चोख आहे. भूसंपर्क मोजला काय, किती ओहम भरला, कोणत्या तारखेस, ही ओळ मला कोठे आढळली नाही. यादी छापील असली तरी खाली शेऱ्यासाठी जागा असते. तेथे स्वतःच्या हाताने ही एक ओळ लिहून, मोजणी होईपर्यंत तिचा पाठपुरावा करावयास कोणत्याही नियमाची आडकाठी नाही.